ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये कपाट करून घेताना: बांधणी कोणती निवडावी?

कपाट करायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी सनमायकाचा कॅटलॉग येतो. मॅट घ्यायचा की ग्लॉसी, यावर दोन रविवार सहज जातात. आणि खोका, म्हणजे कपाटाचा सांगाडा, कसा उभा राहणार, भिंतीचा आधार घेणार की स्वतःच्या पायावर उभा राहणार, उद्या घर सोडताना उचलता येणार का, हे सगळं मिस्त्रीवर सोडून दिलं जातं. शटर नको झालं तर पाच-सात वर्षांनी बदलता येतं. बांधणी चुकली तर अख्खं कपाट तोडावं लागतं. म्हणून इथे रंगाबद्दल फार काही सापडणार नाही. जमिनीपासून छतापर्यंत, साधारण दोन फूट खोल, आपल्या मापाचं कपाट करून घ्यायचं आहे असं धरून पुढचं लिहिलंय.

पायरी १: भिंतीची चौकशी

बिल्डरने बेडरूममध्ये कपाटासाठी जी खाच सोडलेली असते, तिची मागची भिंत बऱ्याच घरांत बाथरूमची असते. दुसरी पसंतीची जागा म्हणजे बाहेरची भिंत, आणि ती पश्चिम किंवा नैऋत्य दिशेला असेल तर जून ते सप्टेंबर पावसाचा मारा तिच्यावरच. दोन्ही ठिकाणी कपाट करता येतं, पण आधी भिंत कोरडी आहे याची खात्री हवी.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे, तिची फार चिंता नको. ही तपासणी मे महिन्यात करून उपयोग नाही, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. भिंतीतून ओल निघाली तर आधी प्लंबिंग किंवा बाहेरचं प्लास्टर दुरुस्त होऊ दे, कपाट नंतर. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय लावला की ओल चालते, असं सांगणारे भेटतील. प्लाय टिकेलही, पण आतल्या कपड्यांना बुरशी धरायची ती धरेलच.

मग भिंत कशाची आहे ते पाहा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा वाशी-नेरुळच्या सिडकोच्या घरात बहुधा विटांची, वर जाड प्लास्टरची भिंत मिळते. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या नव्या टॉवरांत हलक्या ब्लॉकची, नाहीतर मिवान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, ओतलेली अख्खी काँक्रीटची. मिवानची भिंत इमारतीचा भार घेते, त्यामुळे ती खोदायची नाही, कापायची नाही. कपाटात दिवा हवा असेल तर त्याची वायर बाहेरूनच न्यावी लागेल, हे आधीच ठरवा. हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी ठोकून स्क्रू बसवला तर तो वजनाने सैल होतो, तिथे ब्लॉकसाठी बनवलेले खास फास्टनर लागतात.

शेवटी ओळंबा आणि गुण्या, म्हणजे भिंत सरळ उभी नि कोपरा काटकोनात आहे का ते. जागेची रुंदी खाली, मध्ये, वर अशी तीन ठिकाणी मोजा, उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यांत लहान आकडा तोच तुमचा. जुन्या घरात भिंत अर्धा-पाऊण इंच कललेली सहज सापडते. वर बीम भिंतीपेक्षा पुढे आला असेल तर लॉफ्टची, म्हणजे कपाटावरच्या माळ्याची, खोली तेवढी कमी होणार, तेही लिहून ठेवा.

पायरी २: या घरात किती वर्षं?

हा प्रश्न मिस्त्री विचारणार नाही, सेल्समनही नाही, आणि बांधणीचा अर्धा निर्णय याच उत्तरावर आहे. भाड्याचं घर असेल तर उत्तर उघड आहे. पण स्वतःचं असूनही ठाण्यात आणि वाशी, नेरुळच्या जुन्या सेक्टरांत पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या सोसायट्या कमी नाहीत. तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासकाचं नाव निघायला लागलं असेल, तर भिंतीत रुतवून, फेव्हिकॉल लावून, खिळे ठोकून केलेलं कपाट हे वाया जाणारे पैसे आहेत. ते निघताना तुकड्यातुकड्यांनीच निघतं.

पुनर्विकास नसला तरी जुन्या इमारतीत दुरुस्ती असतेच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ३ वर्षांनी, आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी करायचं असतं. शेवटच्या ऑडिटचा अहवाल सेक्रेटरींकडून मागून वाचा. तुमच्या बेडरूमच्या बीमचं किंवा बाहेरच्या भिंतीचं नाव त्यात असेल, तर कपाट तिथून हलवता आलं पाहिजे.

पायरी ३: बांधणी निवडा

आपल्याकडे प्रत्यक्षात चार-पाच पद्धती चालतात. नावं वेगवेगळी ऐकाल, फरक एवढाच की वजन कोण उचलतं आणि जोड कसा आहे.

पहिली, जागेवरची सुतारी बांधणी. मिस्त्री घरात येतो, हॉलमध्ये प्लायच्या शीट कापतो, उभे पाट भिंतीला लावून उभे करतो, त्यांच्यात फळ्या बसवतो. दोन खणांमध्ये एकच पाट असतो, त्यामुळे जागा वाचते. भिंत वाकडी असली तरी पाट तिच्या अंगाने तासून बसवता येतो, बीमच्या खाली, खांबाच्या बाजूला, कुठेही. ही या पद्धतीची खरी ताकद, आणि तिरक्या-तारक्या जुन्या घरांसाठी मी अजूनही हीच सुचवेन. पण दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, पैसे वाचवायला मागचा पाट गाळतात आणि भिंतीलाच रंग देऊन किंवा सनमायका चिकटवून मोकळे होतात. कपडे थेट भिंतीला टेकतात, कपाटाला काटकोनात धरून ठेवणारं काही राहत नाही. मागे ६ मिमीचा प्लाय हवाच, दोन्ही बाजूंनी लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, लावलेला, आणि त्याच्या नि भिंतीच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. दुसरी गोष्ट कडा. हाताने चिकटवलेली एजबँड पट्टी दमट हवेत सुटते. फळ्यांच्या पुढच्या कडेला लाकडी लिपिंग, म्हणजे लाकडाची पट्टी, करायला सांगा, जास्त टिकते.

दुसरी, खोक्यांची म्हणजे मॉड्युलर बांधणी. कारखान्यात बोर्ड कापून, यंत्राने कडा लावून, भोकं पाडून सुटे भाग घरी येतात आणि मिनिफिक्स (आवळून पुन्हा उघडता येणारा धातूचा जोड) नि लाकडी खुंट्यांनी जोडले जातात. बहुतेक कारखाने ३२ मिमीची पद्धत पाळतात: ५ मिमी व्यासाच्या भोकांची उभी रांग, दोन भोकांत ३२ मिमी अंतर, पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत. यामुळे फळी उद्या वर-खाली करता येते आणि बिजागरी, ड्रॉवरचं चॅनेल वेगळ्या कंपनीचं असलं तरी त्याच भोकांत बसतं. कारखानदाराला एवढं एकच विचारा: भोकं ३२ च्या हिशोबात आहेत का? तो गोंधळला तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

या पद्धतीत प्रत्येक खोका स्वतंत्र, म्हणून दोन खोके शेजारी आले की पाट दोन. तीन खोक्यांच्या कपाटात दोन जास्तीचे पाट, म्हणजे १८ मिमीच्या हिशोबाने जवळपास दीड इंच रुंदी जाते. शिवाय खोका चौकोनी आणि भिंत वाकडी, म्हणून दोन्ही बाजूंना फट झाकणाऱ्या फिलर पट्ट्या आल्या. बदल्यात मिळतं ते उचलून नेता येणारं कपाट. प्लायचे खोके दोन-तीनदा उघडून जोडले तरी चालतात. पार्टिकल बोर्डमध्ये मात्र स्क्रूची पकड दुसऱ्यांदा तशी राहत नाही.

तयार मापाचं घ्यायचं असेल तर तेही खोकेच असतात. तुर्भ्याला २०२० मध्ये सुरू झालेल्या आयकियाच्या दुकानातल्या पॅक्स मालिकेच्या चौकटी ३५ आणि ५८ सेंमी खोलीत, २०१ आणि २३६ सेंमी उंचीत असतात. ९ फुटी छताखाली २३६ सेंमीचं कपाट ठेवलं की वर सव्वा फूट उरतो. तिथे बॅगा ठेवणार की धूळ, ते तुम्ही ठरवा.

तिसरी, चौकटीची बांधणी. खाचेच्या तोंडाला लाकडी चौकट आणि तिच्या आत बसणारी शटरं. जुन्या घरांत कडप्प्याच्या फळ्यांपुढे हेच असतं. कडप्प्याला वाळवी लागत नाही, फळी वाकत नाही. पण उंची एकदा ठरली की ठरली, दगड गार, आणि मागची भिंत ओली असेल तर तो ओलावा फळीवर येतो. असं कपाट घरात आधीच असेल आणि कोरडं असेल, तर पाडू नका. आत पातळ बोर्ड लावून घ्या, दोन फळ्यांमध्ये कपड्यांचा रॉड टाका, नवी शटरं बसवा. निम्म्या खर्चात भागतं. नव्याने मात्र कडप्पा करू नका, आणि मिवानच्या भिंतीत तर प्रश्नच नाही.

भिंतीवर टांगलेलं कपाट फोटोत छान दिसतं, खाली झाडू फिरतो. पण १८ मिमी प्लायची एक ८ बाय ४ ची शीट ३० किलोच्या वर भरते. ७ बाय ८ फुटांच्या कपाटाला तळ-माथा, फळ्या नि शटरं धरून सहा-सात शीट लागतात. म्हणजे कपडे ठेवण्याआधीच दोनशे किलोच्या आसपास वजन झालं. एवढं टांगायचं नसतं. आरशाखालचा ड्रॉवर किंवा मुलांच्या खोलीतलं छोटं युनिट असेल तर हरकत नाही, तेही पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर.

आणि उघडी बांधणी: धातूचे उभे खांब, ब्रॅकेट, फळ्या, शटर नाही. स्वतंत्र खोली असेल, तिला दार नि हवा असेल तर करा. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय अशा घरात उघड्या फळ्या ठेवणं म्हणजे कपडे दोनदा धुणं.

पायरी ४: तळ आणि माथा

आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. कपाटाचा तळ किंवा प्लायची स्कर्टिंग फरशीला टेकलेली असेल तर पहिली तीच फुगते. खोक्यांच्या बांधणीत १०० मिमीचे फिरवून उंची बदलता येणारे पीव्हीसी पाय घ्या आणि पुढे काढता येणारी पट्टी. फरशी उताराची असली तरी खोका लेव्हलमध्ये येतो. सुतारी कामात चार इंचांचा विटांचा, वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा टाकलेला ओटा करून घ्या.

माथ्याचं गणित शीटच्या मापाशी बांधलेलं आहे. शीट ८ फुटी, म्हणून ७ फुटांचं कपाट नि वर दोन फुटांचा वेगळा लॉफ्ट ही रीत पडली, आणि ती शहाणपणाची आहे. अखंड उंच खोका करायचाच असेल तर एक हिशोब करा. तो जमिनीवर आडवा जोडून मग उभा करतात. ८ फूट उंच, २ फूट खोल खोक्याचा कर्ण ९९ इंच भरतो. फॉल्स सीलिंग ९९ इंचांवर असेल तर खोका उभाच होणार नाही. लिफ्टमध्ये काय मावतं तेही आधी मोजा. अनेक इमारतींत ८ फुटी शीट जिन्यानेच वर जाते आणि हमाली मजल्यानुसार लागते.

पायरी ५: शटर

खोली लहान म्हणून सरकती शटरं, हे समीकरण तपासून घ्या. १० फूट रुंदीच्या खोलीत ६ फुटी पलंग भिंतीला लावला आणि समोर २ फूट खोल कपाट, तर मध्ये २ फूट उरतात. दीड फुटी बिजागरीचं शटर त्यात आरामात उघडतं. सरकत्या शटरांची जाडी नि रूळ धरला तर कपाट तीन-चार इंच जास्त खोल करावं लागतं, शिवाय एका वेळी निम्मंच कपाट दिसतं. दीड फूटही उरत नसेल तरच सरकतं घ्या.

बिजागरीवर उघडणाऱ्या शटरला बिजागऱ्या किती, हे उंचीवर: ९०० मिमीपर्यंत २, १६०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४, त्यावर २४०० पर्यंत ५. शटरच्या दोन्ही अंगांना जवळपास सारख्या जाडीचा लॅमिनेट लावा, बाहेर १ मिमी तर आत ०.८. आत नुसता रंग मारला तर पावसाळ्यात शटर वाकतं. बिजागरीच्या हाताला किती वळण, त्याला क्रँक म्हणतात: बाजूच्या पाटावर ०, दोन शटरं एकाच मधल्या पाटावर असतील तर ८, आणि चौकटीच्या आत बसणाऱ्या शटरला १६ क्रँकची ऑटो बिजागरी लागते. आत ड्रॉवर असेल तर तो बिजागरीच्या पुढे सुटण्याइतकी बाजूला पट्टी द्यायला सांगा. नाहीतर शटर पूर्ण उघडल्याशिवाय ड्रॉवर बाहेर येत नाही आणि रोज सकाळी तोच वैताग.

पायरी ६: बोर्ड

सगळीकडे एकच बोर्ड लागत नाही. तळ, ओट्याजवळचे पाट आणि बाथरूमच्या बाजूची भिंत इथे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा, प्लाय घ्या. वरच्या फळ्यांना एमआर चालतो. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नाही. त्यात बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, बीडब्ल्यूआर आणि मरीनमध्ये फिनॉलचा. शीटवर आयएसआय शिक्का, एमआर किंवा बीडब्ल्यूआरसाठी आयएस ३०३, मरीनसाठी आयएस ७१० हे आकडे आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. शीट उतरतानाच तपासा, कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते शोधत बसावं लागतं.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कोरड्या आतल्या भिंतीला, कमी रुंदीच्या फळ्यांना वाईट नाहीत. पाण्याने एकदा फुगले की परत बसत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. फळीची रुंदी, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, इथे महत्त्वाची. तेवढंच वजन ठेवून रुंदी दुप्पट केली तर फळी आठपट वाकते. म्हणून १८ मिमी प्लायची फळी तीन फुटांच्या आत, पार्टिकल बोर्डची दोन-सव्वादोन फुटांच्या आत. बंद कपाटात वास साठतो, तेव्हा बोर्ड ई१ किंवा ई० प्रतीचा, म्हणजे फॉर्माल्डिहाइड कमी सोडणारा, आहे का तेही विचारा.

पायरी ७: आतली मापं

कपडे मोजल्याशिवाय खण ठरवू नका. हँगर सतरा-अठरा इंचांचा, म्हणून आतली खोली २२ इंच तरी हवी. शर्ट-कुर्त्यांना रॉडखाली ३८ ते ४० इंच, लांब कपड्यांना ६० ते ६५. ७ फुटी कपाटात शर्टांचे दोन मजले बसतात. रॉड तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये आधार. जड जरीच्या साड्या आणि पैठण्या हँगरला लावू नका, वजनाने ताणल्या जातात. त्यांना १०-१२ इंच उंचीची रुंद फळी, मलमलच्या कापडात घडी आणि अधूनमधून घडीमोड. डांबरगोळ्या जरीपासून लांब. गोधड्या, प्रवासाच्या बॅगा, गणपतीच्या मखराचं सामान लॉफ्टवर.

पायरी ८: दर आणि कागद

दर बहुतेक वेळा समोरच्या चौरस फुटावर सांगतात. त्यात लॉफ्ट धरला आहे का, ड्रॉवर वेगळे का, आतून लॅमिनेट की नुसता रंग, मागचा पाट किती मिमी, चॅनेल नि बिजागरी कुठल्या कंपनीची, हे एकेक ओळीत लिहून घ्या. दोन दर तुलनेला घेताना हीच यादी दोघांना द्या, मग स्वस्त कोण ते खरं कळतं. सोसायटीची परवानगी, अनामत आणि कामाच्या वेळा आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दुपारी नि रविवारी ठोकाठोक चालत नाही, आणि जागेवरच्या सुतारी कामाचे दिवस त्यानेच वाढतात.

दसऱ्याला नवं कपाट हवं असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून ऐन श्रावणात कामं सुरू होतात. जमलं तर टाळा. पावसाळा संपल्यावर, भिंत वाळल्यावर सुरू केलेलं काम दिवाळीला नाही झालं तर नाताळला होईल.

पायरी ९: बसवताना

वाळवीचं औषध भिंतीच्या आणि फरशीच्या सांध्यात आधी मारून घ्या, खोका बसल्यावर तिथे हात पोचत नाही. शीट भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू देऊ नका, आडव्या ठेवा. खोका उभा राहिला की दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले तर खोका काटकोनात आहे, नसतील तर मागचा पाट ठोकण्याआधीच सरळ करायला लावा. उंच कपाट वरून भिंतीला फास्टनरने पकडलंच पाहिजे, घरात लहान मूल असेल तर मिस्त्री गेल्यावर स्वतः हलवून पाहा. कापलेल्या कडा, बिजागरीची भोकं, मागचा कोपरा, जिथे जिथे उघडं लाकूड दिसेल तिथे सीलर लावायला सांगा.

शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. कपडे भरून पंधरा दिवस वापरा, त्यात बिजागऱ्या थोड्या बसतात, शटरांच्या फटी कमी-जास्त होतात. त्या एकदा जुळवून घ्या, ड्रॉवर भरलेले असताना ओढून बघा, मग पैसे द्या.